रुमालाखाली फुकटाचं बोट नसतं

शमुवेल दाजींनी मला फसवलं. बैलाच्या सौद्यात नव्हे. त्या सौद्यात आम्ही दोघांनी मिळून बिराला आणि त्याची बायको हौसाबाई हिला फसवलं, आणि ते मी पुढे सांगणारच आहे. दाजींनी मला फसवलं ते माफीत. गुन्हा दोघांचा होता; माफी मागायला ते एकटे गेले, एकट्यानं ती घेऊन आले आणि मला मागं ठेवलं. आता तर कायमचेच गेले. सहा आठवडे झाले. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलं लिहावं अशी रीत आहे आणि दाजींविषयी चांगलं लिहायला माझ्याकडे पुष्कळ आहे. पण ज्यांच्या शेजारी अर्धं आयुष्य बाजारात उभं राहिलो, त्यांच्याविषयी गोड-गोड लिहिलं तर ते त्यांनाच पटणार नाही.

फोन सकाळी आला. मी दुकानाचं शटर वर करत होतो. बाहेर पेंडीचा टेम्पो उभा होता आणि हमालाशी माझी नेहमीची बाचाबाची चालली होती. मार्थाअक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, दाजींची बायको, म्हणाली, "याकोबा, तुझे दाजी गेले रं. म्या च्या घिऊन गेले तर हाक ऐकंनात." मी विचारलं, "त्रास झाला का?" ती म्हणाली, "न्हाय. लई शांत गेले. तोंड बघ ये, हसल्यागत दिसतंय." मी फोन ठेवला आणि हमालावर असा ओरडलो की शेजारचा टायरवाला बाहेर येऊन बघायला लागला. लोकांना वाटलं, दुःखानं ओरडतोय. दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर मला त्या 'शांत'चा राग आला होता. मला ठाऊक होतं ते शांत कशानं गेले... आणि मी तसा जाणार नाही, हेही ठाऊक होतं.

आम्ही सोलापूरजवळच्या कुंभारीचे. तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, पण घरात देवापेक्षा भाकरीचा घोर मोठा. वडील लवकर गेले. अक्काच्या लग्नात माझ्या अंगावर जो शर्ट होता तो दाजींनीच आणलेला होता. सोळाव्या वर्षी त्यांनी मला जनावरांच्या बाजारात नेलं. दाजी बैलांची दलाली करायचे. उंच, सावळे, डोक्याला काही नाही, खांद्यावर मात्र चौकड्यांचा मोठा रुमाल कायम. मला म्हणायचे, "दात मोजायला कुणीबी शिकतं. तू बैलाकडं बघू नगस, मालकाकडं बघ. मालक बैलाच्या ज्या अंगाला बघत न्हाय, तितं खोट आसती." हे मी इतकं चांगलं शिकलो की पुढं माणसांतही मला आधी खोटच दिसायला लागली.

ज्यांनी असा बाजार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलाचा भाव तिथं तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटं धरून आकडा सांगतात. बोट झिडकारलं की भाव नामंजूर. अख्खा हात घट्ट दाबला की सौदा पक्का. मग बापाला बाप म्हणणार नाही पण सौदा मोडणार नाही. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी रुमालाखाली काय चाललंय ते फक्त दोघांना कळतं. मी नवीन असताना एकदा दाजींना विचारलं, "दाजी, फुकट द्यायचं असलं तर कुठलं बोट धरायचं?" ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "फुकटाचं बोट न्हाय रं रुमालाखाली. आन् कुणी फुकट द्यायला लागला तर आदी बैलाच्या तोंडात हात घाल."

बिरा आला त्याला बावीस वर्षं झाली. सांगोल्याकडचा, मेंढरांच्या घरातला. सगळी मेंढरं विकून बैलगाडीला जोडी घ्यायला आला होता. बायकोला घेऊन श्रीपूरच्या कारखान्यावर उसाची वाहतूक करायचा त्याचा विचार होता. दाजींकडे एक खिलार जोडी होती, देखणी, दुधासारखी. दोन्ही बैल शेजारी-शेजारी बांधलेले. मी उजवीकडच्या बैलाच्या तोंडापुढं गेलो आणि त्याच्या डाव्या डोळ्यासमोर बोट हलवलं. पापणी हलली नाही. डोळा स्वच्छ, फूल नाही, पाणी नाही, पण आत उजेड नाही. दाजींनी त्याला मुद्दाम उजवीकडं बांधला होता. म्हणजे आंधळा डोळा जोडीदाराच्या बाजूला, आत राहत होता. मी दाजींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  तेवढंच.

दाजी बिराला म्हणाले, "ह्यो बैल उजव्या अंगालाच जुंप बरं का." बिरा म्हणाला, "का वो?" दाजी म्हणाले, "सवय हाय त्याला." दाजींचा हिशेब असा की बैल उजवीकडं चालला तर आंधळा डोळा कायम आतच राहील, कुणाचं काही बिघडणार नाही. म्हणजे आपण सांगितलंही आणि लपवलंही. बाजारात अशी अर्धी सांगितलेली गोष्ट प्रामाणिकपणात धरतात. पण बिराचं समाधान झालं नव्हतं. त्यानं दाजींना सोडून मला विचारलं. माझा चेहरा त्याला आपल्यातला वाटला असेल. म्हणाला, "पावनं, तुमी सांगा. बैल गरीब हाय न्हवं?" मी म्हणालो, "पोटाखालनं लेकरू जाईल." माझ्या ह्या शब्दावर त्यानं रुमालाखाली हात दिला. हौसाबाई भाकरीचं फडकं काखेत धरून बैलाच्या तोंडाशी उभी होती. सौदा झाल्यावर तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर फडक्यातली अर्धी भाकर मोडून त्याच बैलाला घातली.

हंगाम अर्धा झाला होता. दुसऱ्या बैलाचा खांदा सोलवटला म्हणून बिरानं चार दिवस बाजू बदलली. आंधळा डोळा बाहेर आला. पाटाच्या कडेच्या रस्त्यानं गाडी उसानं भरून चालली होती, हौसाबाई वर मोळ्यांवर बसली होती. मागून ट्रॅक्टरनं हॉर्न दिला, बिरानं गाडी डावीकडं घेतली. डावीकडच्या बैलाला कड दिसली नाही. त्याचा पाय कोरड्या पाटात गेला आणि गाडी पलटी झाली. हौसाबाईचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

ही बातमी आम्हाला बाजारातच समजली. दाजी जिथं उभे होते तिथंच खाली बसले. मी म्हणालो, "उजवीकडं जुंप म्हणून सांगितलं होतं की आपण." ते मातीकडं बघत म्हणाले, "का, ते सांगितलं न्हवतं." पुढच्याच बाजाराला बिरा आला. दाजी त्या दिवशी आले नव्हते. बिरा भांडायला आला नव्हता, नुसतं विचारायला आला होता, "पावनं, डोळा आंधळा हुता का वो त्याचा?" आणि मी, चारशे माणसांत, त्याच्यावर ओरडलो. बाजू बदललीस ती कुणाला विचारून? बैल सांभाळता येत नाही तर मेंढरं कशाला विकलीस? बायकोला उसावर बसवलीस कशाला? लोक माझ्या बाजूनं हसले. बिरानं डोक्याचं पागोटं काढलं, झटकलं, परत बांधलं आणि गेला. ते झटकणं मला अजून दिसतं. एवढा भाग मात्र दाजींच्या वाट्याचा नाही. हा एकट्या माझा.

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे लहान पेले ठेवलेलं ताट बाकावरून बाकावर हातोहात जातं. ज्याचं मन कुणाविषयी साफ नाही त्यानं आधी जाऊन ते साफ करावं, मग ताटाला हात लावावा, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. सगळे ऐकतात आणि सगळे घेतात. त्या हंगामानंतर दाजींनी घेणं बंद केलं. ताट आलं की दोन्ही हातांनी धरायचे आणि तसंच माझ्याकडं द्यायचे. मी घ्यायचो. घशाखाली नीट उतरायचं. तीन वर्षं असं चाललं. अक्कानं विचारलं, पाळकसाहेबांनी विचारलं. दाजींचं एकच उत्तर, "आजून वेळ हाय." त्यांनी बैलांची दलालीही सोडली, चर्चच्या आवारातली झाडं आणि कबरस्थानाची राखण बघायला लागले. मला वाटलं, म्हातारपण लवकर आलं.

मग एका रविवारी त्यांनी ताटातला तुकडा उचलला. पेला घेतला. उपासना संपताना उठून उभे राहिले आणि साक्ष दिली. आमच्यात साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं सांगणं. बहुतेक जण आजारपण आणि नोकरी सांगतात. दाजींनी बैल सांगितला. डोळा सांगितला, बांधायची बाजू सांगितली, पाट सांगितला. म्हणाले, आदल्या आठवड्यात मी त्या घरी जाऊन आलो, त्यांनी मला माफ करून सोडलं, आणि देवानंही सोडलं ह्याची मला खात्री आहे. आज मेलो तरी मला भीती नाही. मी बाकावर बसून एकच गोष्ट ऐकत होतो. ते सगळीकडं 'मी' म्हणत होते. 'मी पाहिलं', 'मी लपवलं'. एकदाही 'आम्ही' नाही.

बाहेर चिंचेखाली मी त्यांना गाठलं. माझा आवाज चढला होता. "दाजी, मला न सांगता कसे गेलात?" ते म्हणाले, "तू आला आसतास?" "माझं नाव घेतलं का तिथं?" "न्हाय." "का नाही?" ते रुमालानं मान पुसत म्हणाले, "तुझं नाव मी कसं घिऊ? तुझं तू घे." मी म्हणालो, "आणि ही खात्री कसली? देवानं सोडलं हे कुणी सांगितलं तुम्हाला? चिठ्ठी आली का वरनं?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "रुमालाखाली सौदा पक्का झाला हे कशावरनं कळतंय? कुणी ओरडून सांगतंय का? हात दाबला की कळतंय." मी म्हणालो, "आकडा काय ठरला?" ते म्हणाले, "तितंच तुझं आडतंय."

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी दाजींनी ताट माझ्याकडे दिलं आणि माझा हात वर गेला नाही. आजतागायत गेलेला नाही. एकोणीस वर्षं मी ते पुढच्या माणसाकडे देतोय. लोकांना वाटतं, काही पथ्य असेल. मधल्या काळात मी मोठा झालो. पशुखाद्याचं दुकान, मग दुसरं दुकान. चर्चला पंखे दिले, बाकं दिली. दाजी एकदा नव्या बाकावर हात फिरवून म्हणाले, "लाकूड चांगलं हाय. पन आदत खोंडाच्या जागी म्हातारा बैल देतोयस तू." त्यांचं बोलणं मला समजलं, देणं एक आणि देतोय दुसरंच, आणि मी आठ महिने त्यांच्याशी बोललो नाही. दोनदा मी गाडी काढून सांगोल्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही वेळा वाटेत चहा प्यायलो आणि परत आलो. मनात घासाघीस चालायची... आधी दाजींनी माझं नाव घ्यायला हवं होतं. आता गेलो तर लोक म्हणतील एवढी वर्षं काय करत होता. बाईला काय हवं ते आधी कळलं तर बरं. चार वर्षांपूर्वी बाजारातल्या एकानं सहज सांगितलं, बिरा वारला. मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. दाजींना सांगायला गेलो. त्यांना आधीच माहीत होतं. ते मातीला जाऊन आले होते. माझ्याकडं पाहून एवढंच म्हणाले, "एक खिडकी बंद झाली रं."

शेवटची भेट सांगतो. दाजींना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डावा हात तेवढा चालत होता. रविवारची दुपार. अक्का आत चहा ठेवत होती. पलंगाच्या दांडीवर तो चौकड्यांचा रुमाल होता, धुऊन विटलेला. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. त्यांचा अर्धा चेहरा हसला. मी हळू आवाजात म्हणालो, "दाजी, माझं काय?" आणि त्यांचं एक बोट धरलं. म्हणालो, "चर्चची भिंत बांधून देतो." त्यांनी बोट झिडकारलं. दोन बोटं धरली. "हौसाबाईला पक्कं घर बांधून देतो, नाव न सांगता." झिडकारली. चार धरली. "एक दुकान विकतो." झिडकारली.  एवढ्या वर्षांत माझा एवढा भाव कुणी नाकारला नव्हता. मी बोटं सोडली आणि रिकामा हात तसाच ठेवून म्हणालो, "मग काय देऊ? माझ्याकडं नाही आता काही." तेव्हा त्यांनी अख्खा हात धरला आणि दाबला. असा दाबला की माझी अंगठी रुतली. आकडा नाही आणि हात दाबलेला. मी विचारत राहिलो, "म्हणजे काय दाजी? किती? कुणाच्या वतीनं?" ते डोळे मिटून होते. तेवढ्यात अक्का चहा घेऊन आली आणि म्हणाली, "त्यो हात आसाच आवळतोय आताशा. डागदर म्हणले, शिरंचं हाय ते."

शिरेचं असेल. नसेलही. तेव्हापासून मी माझ्या डाव्या हातावरची ती अंगठीची खूण बघत असतो. खूण कधीच गेली; तरी मी बघतो.

दफनानंतर मी पाळकसाहेबांना गाठलं. तरुण माणूस आहे, कबरीवर माती लोटून त्याचे हात अजून लाल होते. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही आत्ता सांगितलंत की तारण, पापातून सुटका, फुकट आहे, कृपेनं आहे. मला एक सांगा. देवाविरुद्ध केलेलं देवानं माफ करावं, त्याची मर्जी. हौसाबाईच्या पायाचं तो परस्पर कसं माफ करतो?" त्यानं हात पुसले. मग म्हणाला, "म्हणूनच शमुवेलकाका आधी तिच्याकडे गेले ना. तुम्ही गेलात का?" मी त्याच्यावर चिडलो. माझ्या निम्म्या वयाचा. पण घरी येऊन मला झोप लागेना, कारण प्रश्न बरोबर होता.

पंधरा दिवसांपूर्वी मी गेलो. ह्या वेळी चहाला थांबलो नाही. हौसाबाई अंगणात शेळ्यांपुढं पाला टाकत होती, काखेत काठी. मी म्हणालो, "मी याकोब. शमुवेल दलालांचा मेव्हणा." ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "वळखलं. बसा. लई उशीर क्येला." मी सांगितलं की दाजी गेले. ती थांबली. पाल्याची पेंढी खाली ठेवली. "कवा?" म्हणाली. "चांगला हुता म्हातारा. आला तवा हितंच बसला, तुमी बसलाय तितं. धनी काठी घिऊन उठलं. म्हातारा म्हणला, मार, पन आदी ऐक." मी विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "म्हणला, डोळा आंधळा हाय हे मला एकट्याला ठावं हुतं. म्या म्हणलं, द्येवाचं नाव घिऊन आलाय, मग खोटं बोलू नगा. त्यो दुसरा, तरणा, त्यानं बैलाच्या डोळ्याम्होरं बोट नाचवलं. म्या तितंच उभी हुते की."

 मी म्हणालो, "तुम्ही पाहिलं? मग तेव्हा बोलला का नाहीत?" ती हसली. हसणं कडू नव्हतं, त्यानंच मी जास्त घाबरलो. "आमी मेंढरामागं हिंडणारी मानसं. डोळ्याम्होरं बोट कशाला नाचवत्यात, मला काय ठावं? पाय गेल्यावर समजलं." मग म्हणाली, "म्हाताऱ्यानं रुमालानं तोंड पुसलं.  मग म्हणला, त्यो दुसरा यील. लई घासाघीस करणारा हाय, वेळ लावंल, पन यील. माजा शबुद." मी विचारलं, "बिरा काय म्हणाला?" ती म्हणाली, "म्हाताऱ्याला सोडलं त्येनी. तुमचं म्हणलं, आला तर बघू. दोन-तीन वर्सं वाट बघितली. कुणी गाडी घिऊन आलं की म्हणायचं, बग गं, त्यो हाय का. मग इसरलं. का इसरलं न्हाय, मला म्हणलं न्हाय."

मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. बोट हलवलं ते, 'पोटाखालनं लेकरू जाईल' म्हणालो ते, आणि चारशे माणसांत तिच्या नवऱ्यावर ओरडलो ते. शेवटचं तिला माहीत नव्हतं. बिरानं घरी सांगितलंच नव्हतं. ते ऐकताना तिनं पदर तोंडाला लावला. मी घाईघाईनं म्हणालो, "मावशी, काय देऊ सांगा. काहीही सांगा." तिनं काठी पुढं केली आणि म्हणाली, "पाय देता?"

 शेळी माझ्या खिशाला तोंड लावत होती. हौसाबाईनं तिला ओढून घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "म्या सोडलं तवाच. म्हाताऱ्याला सोडलं तवा तुमालाबी सोडलं. फुकट हाय, न्ह्या न्हायतर ठिवा. पन माजं मी दिलं. धन्याचं माज्याकडं न्हाय. ते तुमच्या द्येवाला इचारा." आणि तिनं मला चहा केला. गूळ घातलेला. मी तो प्यायलो आणि निघालो.

म्हणजे मला माफी मिळाली आहे. अर्धी. आणि ती फुकट मिळाली म्हणून मी तिच्या तोंडात हात घालून दात मोजत बसलोय. सोलापूरला येईपर्यंत मी तिचं एक-एक वाक्य उलटसुलट करून बघितलं. खरंच सोडलं असेल का, की वैतागून म्हणाली? दाजींना सोडलं तेव्हा मला सोडलं, तर एकोणीस वर्षं मी जी रात्र-रात्र जळलो ती कशासाठी? आणि बिराचं काय? त्याच्या मातीवर जाऊन मी काय बोलणार, आणि बोललो तरी 'सोडलं' म्हणून कोण सांगणार? पाळकसाहेब म्हणतात, जिथं माणसाचा हात पोचत नाही तिथं देवाचा पोचतो. पोचत असेल. मला तो रुमालाखाली लागायला हवा.

दाजींचा रुमाल अक्कानं मला दिला. म्हणाली, "तुझ्याच उपयोगाचा हाय." दुकानात गल्ल्यामागं खिळ्याला टांगलाय. गिऱ्हाईक नसलं की मी तो काढतो, आपल्याच दोन हातांवर टाकतो आणि आत एक हात दुसऱ्यानं दाबून बघतो. काही कळत नाही. आपला हात आपणच दाबून सौदा होत नाही. येत्या रविवारी, महिन्यातला पहिला, ताट पुन्हा बाकावरून फिरेल. दाजींच्या जागी आता कुणी नसेल, ताट थेट माझ्याकडं येईल.

तर दाजी, आता जबाब द्या. बिराला मी बैलाविषयी शब्द दिला, त्याचा मी गुन्हेगार. तुम्ही त्याच बिराला माझ्याविषयी शब्द दिलात, मला न विचारता, आणि मी यायच्या आत तो गेला. त्याच्या वाट्याचं कोण देणार? त्या दुपारी तुम्ही माझा हात दाबलात तो कुणाच्या वतीनं दाबलात... शिरेनं आवळला असेल तर तसं सांगा, मी ताट पुढं देईन. आणि सौदा पक्का झाला म्हणून दाबला असेल तर तेही सांगा. रविवारच्या आत सांगा.